अकरावे प्रकरण कोणाचे? नाशिकमधील एका साहित्यिक मैत्रीचा प्रकरण अभ्यास

एका तरुण लेखिकेच्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित प्रकाशकाकडून परत आले. सोबतच्या अभिप्रायात म्हटले होते की, दुष्काळी कामावरच्या खडी केंद्राचा प्रसंग नाशिकमधील एका ज्येष्ठ कादंबरीकाराच्या दिवाळी अंकातील लेखनावरून उचललेला दिसतो. अभिप्राय लिहिणाऱ्याने आपले काम प्रामाणिकपणे केले होते. दोन्ही मजकुरांतील साम्य खरे होते, काही वाक्ये तर शब्दशः तीच होती. मात्र दिवाळी अंकात कादंबरीकाराच्या नावाने छापली गेलेली ती पाने मुळात याच लेखिकेने लिहिली होती आणि ही गोष्ट त्या दोघांखेरीज तिसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हती. कादंबरीकारांनाही ती पुरती ठाऊक होती असे म्हणता येत नाही. ते का, हे पुढे येईल.

दोघांच्याही हस्तलिखितांचे मुद्रितशोधन माझ्याकडे असल्यामुळे या प्रकरणात मध्यस्थ म्हणून बसण्याची वेळ माझ्यावर आली. दोघांच्या संमतीने हे टिपण लिहीत आहे. नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. लेखिका त्यांना 'सर' म्हणते, म्हणून इथेही त्यांना सरच म्हटले आहे.

सर 79 वर्षांचे आहेत. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, सहा कादंबऱ्या लिहिल्या, पत्नीसह गंगापूर रोडच्या एका जुन्या सोसायटीत राहतात, मुलगा पुण्यात असतो. गेल्या चार-पाच वर्षांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग वयोमानाने झिजत गेला. या विकारात कडेची नजर शाबूत राहते आणि मधली जाते. त्यामुळे माणूस घरात न धडपडता फिरतो, दारात कोण उभे आहे हे आकारावरून ओळखतो, पण ज्या ओळीकडे बघावे नेमकी तीच ओळ दिसेनाशी होते. सर समास पाहू शकत होते, मजकूर नाही. आयुष्यभर शाईच्या पेनाने ताव भरणाऱ्या माणसाला हा विकार किती जाचक ठरतो, ते त्यांच्या टेबलावरील भिंग आणि दिवा यांच्या सतत बदलणाऱ्या जागांवरूनच कळत असे.

लेखिका 27 वर्षांची आहे, मूळची बागलाण तालुक्यातील. घरात अहिराणी बोलली जाते. एम.ए. मराठीसाठी ती नाशिकला आली आणि इथेच राहिली. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत बिलिंगचे काम करते आणि पाथर्डी फाट्याजवळ दोन मैत्रिणींसह भाड्याने राहते. दिवाळी अंकांत तिच्या काही कथा आल्या होत्या. एका कथावाचनाच्या छोट्या कार्यक्रमानंतर सरांनी तिला बोलावून विचारले, "शेवटचा परिच्छेद कोणी लिहायला सांगितला?" ती म्हणाली, कोणीच नाही. "मग काढून टाका." ओळख झाली ती एवढ्या दोन वाक्यांवर. पुढच्या रविवारी ती तो परिच्छेद काढलेली कथा घेऊन त्यांच्या घरी गेली.

हे नाशिकमध्ये घडले याला थोडा अर्थ आहे. या शहरात ज्येष्ठ लेखकाच्या घरी जाऊन बसण्याची रीत जुनी आहे. सार्वजनिक वाचनालय 1840 सालचे, गोदाघाटावरची मे महिन्यातली वसंत व्याख्यानमाला 1922 पासूनची, वि. वा. शिरवाडकरांनी 1950 मध्ये लोकहितवादी मंडळ उभे केले आणि त्यांच्या टिळकवाडीतील घरी नवे लिहिणारे येत-जात राहिले. वसंत कानेटकर एच.पी.टी. महाविद्यालयात शिकवत होते, बाबूराव बागूल याच शहरात राहत होते. वडीलधाऱ्या लेखकाचा शब्द इथे मानला जातो आणि त्याने वेळ दिला तर ते भाग्य समजले जाते. ही चांगलीच गोष्ट आहे. पण या रीतीत कोणी कोणाचे किती काम केले हे बोलून दाखवण्याची सोय नाही. तसे बोलणे हिशेबीपणाचे वाटते. या प्रकरणातील बहुतेक गुंता त्या न बोलण्यातून वाढला, असे माझे मत आहे.

सुरुवातीला व्यवहार सरळ होता. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास ती येत असे, काकू चहा ठेवत, ती अग्रलेख आणि एखाद्या अंकातील कथा वाचून दाखवी, मग तिच्या कादंबरीचे चार-पाच पानांचे वाचन होई. त्या काळात सर भिंगाखाली अजून थोडेफार वाचू शकत होते, त्यामुळे तिच्या पहिल्या खर्ड्यावर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. मी ती पाने पाहिली आहेत. सर शब्द बदलत नसत. कांदाचाळीत कांदा निवडणाऱ्या आत्याचे वर्णन होते, त्या नऊ ओळींशेजारी समासात वर-खाली हलणारी एक नागमोडी रेघ होती, बाकी एक अक्षर नाही. लेखिकेने ते नऊ ओळींचे वर्णन तीन वेळा लिहिले. चौथ्या वेळी तिने आत्याला बोलायला लावले, "कथा चालनी माय?" (कुठे चाललीस माय?) एवढेच, तेव्हा ती रेघ पुन्हा आली नाही. काय बिघडले हे न सांगता, इथे काहीतरी बिघडले आहे एवढेच दाखवायचे, ही त्यांची पद्धत होती. नव्या लेखकाला शिकवण्याच्या ज्या पद्धती मी पाहिल्या आहेत, त्यांत ही सर्वांत कष्टाची आणि सर्वांत कमी लुडबुड करणारी आहे. त्यांनी तिला 'तुम्ही'वरून 'तू' म्हणायला सुरुवात केली तीही याच सुमारास.

पुढे भिंगही उपयोगाचे राहिले नाही. सरांची सातवी कादंबरी अर्धी झालेली होती. 1972 च्या दुष्काळात गाव सोडून नाशिकला आलेल्या एका कुटुंबाची ती गोष्ट आहे. पहिली सहा प्रकरणे पूर्वी एका डीटीपीवाल्याने श्रीलिपी या जुन्या टंकपद्धतीत टंकलिखित केली होती, तो मनुष्य नंतर धंदा बंद करून गेला. ती फाइल युनिकोडमध्ये आणताना जे व्हायचे ते झाले: रफार शेजारच्या अक्षरावर गेले, ऱ्हस्व वेलांट्या एक घर पुढे सरकल्या, जोडाक्षरे फुटली. लेखिकेने कामावरून आल्यावर रोज रात्री बसून ती सहा प्रकरणे दुरुस्त केली. हे काम सुमारे तीन महिने चालले. त्याबद्दल कोणी काही ठरवले नव्हते. तिने 'मी करते' म्हटले आणि सरांनी 'बरं' म्हटले.

सातव्या प्रकरणापासून सर सांगू लागले आणि ती लॅपटॉपवर टंकू लागली. सांगताना स्वल्पविरामासाठी ते टेबलावर बोटाने एकदा टिचकी मारत, पूर्णविरामासाठी दोनदा, आणि परिच्छेद संपला की तळहात ठेवत. आठवडाभराने ती आधीचे वाचून दाखवी, ते दुरुस्त्या सांगत, आणि मग पुढे. काकू याच खोलीत भाजी निवडत किंवा जपमाळ घेऊन बसत. घरमालकिणीने लेखिकेला 'दर रविवारी कुठे असतेस' असे दोनदा विचारून झाल्यावर काकूंनी स्वतःहून तशी व्यवस्था ठेवली होती. अशा मैत्रीत तरुण मुलीला या प्रश्नाची किंमत मोजावी लागते, पुरुषाला लागत नाही, एवढे नोंदवून मी पुढे जातो.

अकराव्या प्रकरणात गाडे अडले. कुटुंबातील बाई खडी केंद्रावर जाते, असा तो भाग. सर त्या काळी नोकरीत होते, त्यांनी दुष्काळ पाहिला तो कचेरीतून. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, तांबडी भाकरी, मुलांना वाटलेली सुकडी, हजेरीपट हे सगळे त्यांना ठाऊक होते, पण दगड फोडणाऱ्या हाताला दुपारी चार वाजता काय होते ते ठाऊक नव्हते. अर्धे पान सांगून ते थांबले. लेखिकेची आजी अशा कामावर गेली होती. ती आजीच्या गोष्टी सांगू लागली आणि सर म्हणाले, "तू लिहून बघ."

तिने 14 पाने लिहिली. तिच्या स्वतःच्या कादंबरीच्या वहीत आजीचा हा प्रसंग दीड पानात होता, तोच तिने फुलवला. तिच्या समजुतीप्रमाणे हा कच्चा माल होता आणि सर त्यावरून आपले प्रकरण सांगतील. पुढच्या रविवारी तिने पाने वाचून दाखवली. सरांनी तीन ठिकाणी शब्द बदलले, मुकादमाच्या तोंडचे एक वाक्य काढायला सांगितले, आणि म्हणाले, "ठेव." ती पाने फाइलमध्ये दहाव्या प्रकरणाखाली राहिली. पुढच्या आठवड्यात बारावे प्रकरण सुरू झाले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तिने आपले हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवले. त्याच सुमारास एका दिवाळी अंकाने सरांकडे कादंबरीचा अंश मागितला. सरांनी सात ते बारा ही प्रकरणे पाठवायला सांगितली, तिनेच ती ईमेल केली, आणि संपादकांनी त्यांतून निवडले ते अकरावे. अंक आल्यावर वाचकांचे फोन आले ते या प्रकरणाबद्दलच. एका जुन्या मित्राने तर सरांना सांगितले की, इतक्या वर्षांत तुम्ही बाईच्या हाताबद्दल असे कधी लिहिले नव्हते. सरांनी तेही तिला आनंदाने सांगितले. ती गप्प राहिली. डिसेंबरमध्ये तिचे हस्तलिखित परत आले.

ती रविवारी यायची थांबली. पहिल्या आठवड्यात तब्येतीचे कारण कळवले, नंतर तेही नाही. काकूंनी फोन केला तेव्हा तिने अभिप्रायाचा कागद वाचून दाखवला. काकूंनी तो सरांना जसाच्या तसा सांगितला आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावणे आले.

सरांच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही चौघे बसलो. पहिला अर्धा तास फारसे कोणी बोलले नाही. मग सर जे म्हणाले ते या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर देतो. त्यांना पाने तिने लिहिली हे आठवत होते. पण ती 'तिची पाने' आहेत हे आठवत नव्हते. गेली दोन वर्षे त्यांची स्वतःची प्रत्येक ओळ त्यांच्या कानावर तिच्याच आवाजात येत होती. डोळस लेखक आपले हस्ताक्षर बघून ओळ आपली आहे हे ओळखतो, खाडाखोड बघून ती कधी लिहिली तेही ओळखतो. त्यांच्याजवळ यातले काही उरले नव्हते. सांगितलेले आणि सुचवलेले, दोन्ही त्याच आवाजात, त्याच टेबलावर, त्याच खुर्चीतून वाचले जात होते. तीन शब्द बदलल्यावर आणि एक वाक्य काढल्यावर ते प्रकरण त्यांच्या मनात इतर प्रकरणांसारखेच 'दुरुस्त करून झालेले' ठरले.

मी हे मानतो. मानण्याचे कारण म्हणजे दुसऱ्या बाजूलाही असेच काहीतरी घडले होते. मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले. तिच्या वहीतील मूळ दीड पान असे आहे: "खडीचा ढीग वाढतो तसा दिवस खाली जातो. मुकादम टेप लावतो. माय हात पदराखाली घेते." 14 पानांत हाच भाग असा झाला होता: "खडीचा ढीग जसजसा वाढत गेला तसतसा दिवस खाली जात राहिला, आणि मुकादमाने टेप लावली तेव्हा तिने आपले दोन्ही हात, जणू ते कोणाचे तरी उसने आणलेले असावेत, तसे पदराखाली घेतले." हे दुसरे वाक्य सरांच्या चालीचे आहे. ते सरांनी सांगितलेले नाही, एकही शब्द नाही. पण दोन वर्षे त्यांची वाक्ये टंकून टंकून तिच्या बोटांना ती चाल लागली होती. म्हणजे पाने तिची, आठवण तिच्या आजीची आणि चाल त्यांची. असे असताना चोरी कोणी कोणाची केली, हा प्रश्नच मला लागू वाटत नव्हता. पण तिचे हस्तलिखित परत आले होते आणि त्यांच्या नावावर एक प्रकरण जास्त जमा होते. हा तोल सुधारणे एवढेच काम होते.

लेखिकेचे म्हणणे थोडक्यात होते. तिला श्रेयापेक्षा अधिक खुपत होते ते वाचकांचे फोन तिला सांगितले गेले तेव्हा सरांना एकदाही 'अगं, हे तर तुझं' असे वाटले नाही, ते. काकू मध्येच म्हणाल्या, "तू तरी बोलायचंस की." त्यावर ती म्हणाली, "सरांना कसं बोलणार, काकू?" या उत्तराला टेबलावरच्या कोणाकडेही प्रत्युत्तर नव्हते.

त्या संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन आला. त्याची भूमिका अशी की, लिहून घेणाऱ्याचे नाव पुस्तकावर येत नसते आणि आज एका प्रकरणावर हक्क सांगितला तर उद्या कशावर सांगतील याचा नेम नाही. त्याच्या स्वरात संशय होता, तरी त्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सर मागे एकदा बोलता बोलता म्हणाले होते की, माझे सगळे कागद हिलाच देऊन टाकणार, आणि ते वाक्य मुलाच्या कानावर गेले होते.

म्हणून कायदा बघणे भाग पडले. ओळखीच्या एका वकिलांशी बोलून जे समजले ते असे. स्वामित्व हक्क कायदा, 1957 प्रमाणे साहित्यकृतीचा पहिला धनी तिचा कर्ता असतो. दुसऱ्याने सांगितलेला मजकूर केवळ उतरवून घेणारा कर्ता ठरत नाही. त्या अर्थी सात ते दहा आणि बारावे ही प्रकरणे निःसंशय सरांची. पण कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या शब्दरूपावर असतो. 'बाई खडी केंद्रावर जाते, तू लिहून बघ' एवढे सांगितल्याने पुढच्या 14 पानांचा हक्क सांगणाऱ्याकडे जात नाही. नोकरीच्या करारात केलेले काम मालकाचे ठरू शकते, पण इथे ना नोकरी होती ना पगार. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम 19 प्रमाणे लेखी आणि सही केलेला कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. 'ठेव' या शब्दाने हस्तांतर होत नाही. कलम 57 तर असे की, हक्क विकल्यावरही आपण कर्ते आहोत हे सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

मुलाच्या काळजीला उत्तर कलम 20 मध्ये होते आणि ते त्याला आवडणारे नव्हते. मृत्युपत्राने एखाद्याला अप्रकाशित हस्तलिखित दिले आणि मृत्युपत्रात वेगळे काही म्हटले नाही, तर त्या हस्तलिखिताबरोबर त्यावरचा स्वामित्व हक्कही गेला असे धरले जाते. असे लेखन लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रकाशित झाले, तर हा हक्क त्या प्रकाशनानंतर 60 वर्षे चालतो. म्हणजे 'कागद हिला देऊन टाकणार' हे प्रेमाने बोललेले वाक्य तसेच मृत्युपत्रात उतरले असते, तर सातवी कादंबरी आणि कपाटातील बाकीचे सगळे अप्रकाशित लेखन तिच्या मालकीचे झाले असते. सरांना याची कल्पना नव्हती. लेखिकेलाही नव्हती, आणि कळल्यावर ती अक्षरशः खुर्ची मागे सारून उठली.

तोडग्याचे चार पर्याय पुढे आले. ऋणनिर्देशात 'टंकलेखन साहाय्य' म्हणून नाव घालणे हा मराठी पुस्तकांतील नेहमीचा मार्ग. तो खोटा ठरला असता, कारण प्रश्न टंकलेखनाचा नव्हता. दुसरा पर्याय सरांनीच भावनेच्या भरात मांडला: संपूर्ण कादंबरीवर दोघांची नावे. वरवर उदार वाटणाऱ्या या पर्यायाला मी सर्वांत जास्त विरोध केला. सहलेखन म्हटले की दोघांचे काम एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही असे मानावे लागते, आणि इथे तर ते पानाच्या हिशेबाने वेगळे काढता येत होते. शिवाय तिचे पहिले पुस्तक त्यांच्या सातव्या पुस्तकाचे शेपूट म्हणून आले असते आणि पुढे कोणत्याही परिसंवादात तिची ओळख 'त्यांची सहलेखिका' अशी करून दिली गेली असती. तिने नकार दिला, तो याच कारणाने. तिसरा पर्याय असा की, हक्कपृष्ठावर अकराव्या प्रकरणाची कर्ती म्हणून तिचे नाव छापावे आणि प्रकरण कादंबरीतच ठेवावे. कायद्याने हे स्वच्छ होते, पण कादंबरी वाचणाऱ्याला दहाव्या आणि बाराव्या प्रकरणांच्या मध्ये पाटी लावल्यासारखे वाटेल, असे सर म्हणाले, आणि कारागिरीच्या बाजूने ते बरोबर होते.

शेवटी चौथा स्वीकारला. अकरावे प्रकरण तिला परत करायचे आणि सरांनी ते नव्याने सांगायचे. सरांनी स्वतःच्या सहीचे एक पत्र प्रकाशकाला पाठवले, त्यात दिवाळी अंकातील पाने कोणी लिहिली हे साध्या शब्दांत सांगितले आणि वहीतील दीड पानाची झेरॉक्स जोडली. दिवाळी अंकाच्या संपादकांनाही तसेच पत्र गेले. अंक वर्षातून एकदाच निघत असल्यामुळे खुलासा छापून यायला पुढची दिवाळी उजाडली. चौकट लहान होती, तरी आली.

त्याखेरीज एक पानभर कागद झाला, तो मी लिहिला. रविवारचे वाचन आणि तिच्या लेखनावरील चर्चा यांना कसलाही मोबदला नाही, ती मैत्री. टंकलेखन हे काम. ते यापुढे तिने करायचे नाही, 250 शब्दांचे एक पान धरून ठरलेल्या दराने दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायचे, आणि आजवर केलेल्या कामाचे पैसे त्याच दराने तिला द्यायचे. या शेवटच्या कलमावर ती अडून बसली. पैसे घेतले तर सगळेच नासेल, असे तिचे म्हणणे होते. सर म्हणाले, "फुकट केलंस म्हणून तर मला ते माझं वाटलं." तिने धनादेश घेतला. कागदावर दोघांच्या सह्या झाल्या, साक्षीदार म्हणून काकूंनी सही केली. मृत्युपत्रही त्या वर्षी नोंदवले गेले. हस्तलिखिते कुटुंबाकडे राहतील. लेखिकेने सरांचे दोन शब्दकोश मागितले होते, ते तिला हयातीतच मिळाले.

आता टंकलेखनाला के.टी.एच.एम. महाविद्यालयातील एक विद्यार्थी येतो. त्याला 'मिलो' हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा त्याने तो इंग्रजी नाव समजून काढून टाकला होता. नवे अकरावे प्रकरण चार पानांचे झाले. त्यात खडी केंद्र नाही. नवरा हजेरीपटावर बायकोचे नाव शोधतो आणि कारकुनाला तिचे नाव सांगताना अडखळतो, एवढेच आहे. कचेरीच्या खिडकीच्या आतून पाहिलेले. आधीच्या 14 पानांइतके ते अंगावर येत नाही. पण कादंबरी सरांची आहे आणि खिडकीच्या आतल्या बाजूची नजर हीच त्या कादंबरीची नजर आहे, हे मला आता जास्त ठळक दिसते.

लेखिकेने परत मिळालेली पाने जशीच्या तशी वापरली नाहीत. तिने 'जणू' आणि 'तसतसा' एकेक करून काढले, वाक्ये मोडली, आणि जवळजवळ सहा महिने घालवून तो भाग नऊ पानांवर आणला. सरांनी तो ऐकला तेव्हा दोन सूचना केल्या. तिने दोन्ही नाकारल्या. त्यातली एक सूचना माझ्या मते घ्यायला हवी होती, पण ती तिने विचार करून नाकारली होती आणि सरांना तसे तोंडावर सांगितले होते. त्यावर सर रागावले. दोन रविवार घरात थोडा तणाव होता असे काकू सांगतात. तिसऱ्या रविवारी अग्रलेखाचे वाचन नेहमीप्रमाणे झाले.

तिची कादंबरी त्याच प्रकाशकाने स्वीकारली आहे, पहिली आवृत्ती 500 प्रतींची आहे. प्रकाशकाची इच्छा आहे की, सरांची प्रस्तावना घ्यावी. त्यामुळे झालेला प्रवादही मिटेल आणि विक्रीलाही मदत होईल. सर लिहायला तयार आहेत, सहा पाने सांगायची त्यांची तयारीही झाली आहे. लेखिका अजून हो म्हणालेली नाही. पहिल्या पुस्तकावर दुसऱ्याच्या सहीने सुरुवात नको, असे तिला एकीकडे वाटते, आणि नाही म्हटले तर सरांना काय वाटेल हा जुना प्रश्न दुसरीकडे आहेच, फक्त आता तो तिने सरांनाच विचारला आहे. सरांनी उत्तर दिले की, मला वाईट वाटेल, पण तू ठरव. तिला हे दुसऱ्या प्रुफाआधी ठरवावे लागेल. पुस्तक 16 पानी फर्म्याचे आहे, म्हणजे 16-16 पानांच्या गठ्ठ्यांत छापले जाते, शेवटच्या फर्म्यात सध्या चारच पाने मोकळी आहेत, आणि सहा पानांची प्रस्तावना आली तर अख्खा फर्मा वाढतो व किंमत बदलते. प्रकाशकाने पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर मागितले आहे.